गॅस घरात आला, पण धूर का गेला नाही?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

स्वयंपाकघरातील धुराविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात केले होते. त्याला शिरोळपासून चंदगडपर्यंत कोल्हापूर जिल्ह्याच्या बहुतेक तालुक्यांतून पत्रे आली. ज्यांच्याकडे गॅस नाही अशांची पत्रे त्यांत थोडी आहेत. गॅस असूनही चूल पेटत राहिली आहे, अशा घरांची पत्रे अधिक आहेत. त्यामुळे कनेक्शन कसे मिळवावे यापेक्षा चूल कशी बंद करावी, या प्रश्नाला येथे जास्त जागा दिली आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत, फक्त तालुका दिला आहे.

प्रश्न : मी बचत गटाचे काम पाहते. आमच्या वाडीत बहुतेक घरांत उज्ज्वला योजनेचा गॅस आहे. धुराने काय काय होते, हे मी गटाच्या बैठकीत अनेकदा सांगितले. बायका ऐकतात, पटले म्हणतात, पण सकाळी प्रत्येक घराच्या कौलांतून धूर निघतोच. आणखी कसे शिकवावे? (पन्हाळा)

उत्तर : ताई, धूर वाईट असतो हे तुमच्या वाडीतल्या बायकांना आपण सांगण्याच्या आधीपासून ठाऊक आहे, ओल्या जळणावर फुंकणी फुंकताना ज्यांच्या डोळ्यांतून रोज पाणी येते, त्यांना त्यासाठी व्याख्यानाची गरज नाही. म्हणून पुढच्या बैठकीत धुराविषयी काहीही न सांगता प्रत्येकीला एवढेच विचारावे, की आज सकाळपासून तुमची चूल कोणकोणत्या कामासाठी पेटली. उत्तरे वहीत लिहून घ्यावीत. अंघोळीचे पाणी, म्हशीचे आंबोण, भाकरी, दूध तापवणे, पाहुणे आले म्हणून केलेला मटणाचा रस्सा, पावसाळ्यात ओले कपडे सुकवणे, थंडीत म्हाताऱ्या माणसांचा शेक, अशी यादी निघेल आणि ती प्रत्येक घरी वेगळी असेल. गॅस आल्यावर या यादीतला चहा तेवढा शेगडीवर जातो आणि बाकीची कामे होती तिथेच राहतात.

ही स्थिती तुमच्याच वाडीची आहे असे समजू नये. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे सुरू झाली. सप्टेंबर २०१९ मध्ये ८ कोटींचे उद्दिष्ट पूर्ण झाले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. मात्र नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात असे दिसले, की जोडणीला एक वर्षाहून अधिक काळ झालेल्या लाभार्थी घरांत वर्षाला सरासरी ३.२१ सिलिंडरच भरले जात होते. पाच माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर वर्षाला साधारण आठ ते दहा सिलिंडर लागतात. याचा अर्थ त्या घरांत स्वयंपाकाचा मोठा भाग चुलीवरच राहिला होता. देशभर हे असे असताना आपल्या वाडीतील बायका हट्टी आहेत असा ग्रह करून घेणे अन्यायाचे होईल. त्यांच्या यादीतील प्रत्येक कामाला वेगळे उत्तर हवे आहे, आणि शिकवणाऱ्याचे खरे काम ते शोधण्याचे आहे.

अंघोळीच्या पाण्याचेच घ्या. पाच माणसांना मिळून ७५ लिटर पाणी लागते असे धरले आणि ते २० अंशांनी तापवायचे म्हटले, तर रोज सुमारे पाव किलो गॅस जळतो. म्हणजे दोन महिन्यांना एक सिलिंडर केवळ अंघोळीला. परड्यात शेणी आणि उसाचे चिपाड पडलेले असताना हा खर्च कोणी करणार नाही आणि तसा आग्रहही आपण धरू नये. त्याऐवजी पाणी तापवण्याचे काम स्वयंपाकघरातून बाहेर काढावे. धुराडे असलेला बंब परड्यात, खिडकी-दारापासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून ठेवावा आणि त्यात वाळलेलेच जळण घालावे. ज्यांना परवडेल त्यांनी छपरावर सौर बंब बसवावा. धूर याने संपत नाही, परंतु जिथे लहान मूल रांगते आणि बाई दोन-तीन तास बसते, त्या बंद खोलीतून तो निघतो, आणि हा फरक मोठा आहे. जनावरांच्या आंबोणाचे उत्तर याहून सोपे आहे. सरकी पेंड किंवा भरडा शिजवण्याची गरज नसते, तो काही तास पाण्यात भिजवला तरी जनावर चांगले खाते. शंका असेल तर गावातील दूध संस्थेत येणाऱ्या पशुवैद्यकांना बैठकीला बोलवावे, कारण म्हशीच्या बाबतीत त्यांचा शब्द आपल्यापेक्षा जास्त मानला जातो.

यानंतर पैशाचा विषय येतो, आणि इथे बैठकीत फक्त बायका बसवून भागत नाही. जळण बाई गोळा करते, म्हणून ते घराला फुकट वाटते. सिलिंडरचे पैसे मात्र पुरुषाच्या खिशातून जातात, म्हणून तो महाग वाटतो. ती जळणासाठी घालवते ते तास कोणाच्याच हिशेबात धरले जात नाहीत. म्हणून कर्त्या पुरुषांना आणि सासूबाईंना बैठकीत घेतल्याशिवाय हा विषय काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते, ही या बाबतीत फार मोठी सोय आहे. प्रत्येक बिलातून ठरावीक रक्कम सिलिंडरसाठी बाजूला काढली, तर टाकी संपण्याच्या दिवशी एकदम पैसे उभे करावे लागत नाहीत. ज्या घरी दुभते जनावर नाही, त्यांना गटाच्या अंतर्गत कर्जातून सिलिंडरपुरती रक्कम द्यावी. उज्ज्वला लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२३ पासून प्रत्येक सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान आहे, त्याला वर्षाला किती सिलिंडर याची मर्यादा आहे; शिवाय राज्याने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला ३ सिलिंडर मोफत देण्याची तरतूद आहे. अनेकींचे पैसे आधार प्रमाणीकरण न झाल्याने अडकून राहतात. गटाने एक दिवस ठरवून सर्वांना एकत्र वितरकाकडे न्यावे, त्यातच चालू नियमांची खात्रीही होईल.

शिकवण्याच्या पद्धतीबद्दल दोन गोष्टी. पहिली, भीती बोलून जात नाही, हाताने जाते. एका घरी प्रात्यक्षिक ठेवून प्रत्येकीला स्वतःच्या हाताने रेग्युलेटर बसवू द्यावा, काढू द्यावा, शेगडी पेटवू आणि बंद करू द्यावी, आणि तिथेच भाकरी भाजून तिथेच खावी. दुसरी, वेळ पाहावी. चैत्र-वैशाखात बायका पावसाळ्याच्या बेगमीसाठी जळण साठवतात, शेणी थापून रचून ठेवतात. एकदा ढीग रचला गेला की तो संपेपर्यंत चूल पेटणारच. म्हणून हा विषय शिमगा संपल्याबरोबर काढावा. वर्षभराने काय साधले हे पाहायचे असेल तर बैठकीतल्या होकारावर न जाता गॅसच्या पुस्तकातील तारखा पाहाव्यात. दोन सिलिंडरांतले अंतर कमी झाले असेल तर चूल मागे पडली आहे. जिचे अंतर वाढले असेल तिला सर्वांसमोर जाब न विचारता घरी जाऊन अडचण विचारावी. बऱ्याचदा घरात आजारपण किंवा मुलांच्या फीचा खर्च निघालेला असतो.

प्रश्न : आमच्याकडे चहा, नाश्ता आणि भाजी गॅसवर होते, भाकरी आणि पाणी चुलीवर. धूर निम्मा झाला म्हणजे त्रासही निम्मा झाला, असे समजावे का? (करवीर)

उत्तर : दुर्दैवाने तसा हिशेब होत नाही. धुरातील ज्या कणांची सर्वाधिक चिंता करायची, ते २.५ मायक्रॉन किंवा त्याहूनही बारीक असतात. माणसाचा केस त्यांच्या तुलनेत वीसपट किंवा अधिक जाड असतो. नाकातले केस आणि घशातला ओलावा त्यांना अडवू शकत नाही. ते थेट फुफ्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत जातात आणि त्यांतील अगदी बारीक कण रक्तात मिसळतात. म्हणूनच धुराचे आजार खोकला आणि दम्यापुरते राहत नाहीत. हृदयविकार, पक्षाघात, फुफ्फुसाचा कर्करोग, मोतीबिंदू आणि पाच वर्षांखालील मुलांचा न्यूमोनिया यांच्याशी घरातल्या धुराचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले.

आता आपल्या प्रश्नाकडे. या कणांचे प्रमाण वाढू लागते तेव्हा सुरुवातीच्या थोड्या वाढीतच हृदयविकारासारख्या आजारांचा धोका झपाट्याने वर चढतो आणि पुढे धूर कितीही वाढला तरी धोक्याची वाढ मंदावते. याची उलटी बाजू अशी, की खूप धुरावरून निम्म्या धुरावर आल्याने धोका थोडाच उतरतो. खरा फायदा त्यापुढची मजल मारल्यावर मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांसाठी वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ही मर्यादा सुचवली आहे, भारताचे मानक ४० आहे, आणि बंद खोलीत चूल पेटलेली असताना हा आकडा कित्येक शेकड्यांत जातो. तेव्हा भाकरीपुरती पेटलेली चूलसुद्धा दिवसभराची सरासरी बिघडवायला पुरते.

यात एक गोष्ट लपवून ठेवणे योग्य नाही. तमिळनाडू, ग्वातेमाला, पेरू आणि रवांडा येथील ३२०० गर्भवती महिलांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यांतील निम्म्यांना शेगडी आणि इंधन मोफत दिले गेले. चुलीवरच राहिलेल्यांच्या श्वासातून जाणारे बारीक कण सुमारे ७० मायक्रोग्रॅम होते, तर गॅस मिळालेल्यांच्या श्वासातून जाणारे सुमारे २४, तरीही बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक दिसला नाही. काही जणांनी यावरून गॅसचा उपयोगच नाही असा निष्कर्ष काढला. मला तो मान्य नाही, कारण गर्भारपणाचे काही महिने हा वर्षानुवर्षांच्या धुराच्या मानाने फार छोटा काळ आहे आणि २४ हा आकडाही सुचवलेल्या मर्यादेच्या बराच वर आहे. शेजारच्या चुलींचा धूर आपल्या खिडकीतून येतच असतो, म्हणून संपूर्ण गल्लीने किंवा वाडीने मिळून चूल सोडली तर लाभ अधिक होतो. बाळाच्या वजनाचे आश्वासन देऊन कोणाला गॅस घ्यायला लावू नये, एवढा धडा मात्र त्यातून जरूर घ्यावा.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, गॅसवरची भाकरी कडक होते, चव येत नाही आणि पोटात वात धरतो. त्यांचे मन मोडायचे नाही, पण दिवस गेले असल्याने मला धूर सोसत नाही. काय करावे? (राधानगरी)

उत्तर : प्रथम आपले अभिनंदन. पोटात वात धरण्याचा आणि जाळ कशाचा आहे याचा संबंध नाही. भाकरी नीट भाजली गेली नाही तर ती जड पडते, आणि गॅसवर ती नीट भाजली जात नाही याला कारणे आहेत. चुलीवर जाळ तव्याला सगळीकडून लागतो आणि शेवटी भाकरी आरावर उभी केली की फुगते. गॅसवर मधला भाग जास्त तापतो, कडा कच्च्या राहतात, आणि घाईने मोठी आच ठेवली तर वरून करपते. यासाठी जाड लोखंडी तवा घ्यावा, पातळ किंवा चिकट न होणारा तवा भाकरीला उपयोगाचा नाही. तवा मध्यम आचेवर पूर्ण तापू द्यावा. पीठ गरम पाण्यात मळावे. भाकरी टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवून ते पाणी सुकण्याच्या आत उलटावी, दुसरी बाजू पुरती भाजू द्यावी, मधूनमधून भाकरी तव्यावर फिरवावी म्हणजे कडाही शेकतात. मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट ज्योतीवर चिमट्याने धरावी. ती टम्म फुगते. ज्योत निळी असली पाहिजे. पिवळी असेल तर बर्नरची छिद्रे तुंबलेली आहेत असे समजून ती साफ करावीत, नाहीतर भाकरीला काजळीचा वास लागतो आणि दोष गॅसला मिळतो.

चुलीच्या भाकरीला धुराचा जो हलका वास असतो तो गॅसवर येणार नाही, हे मात्र सासूबाईंजवळ मान्य करावे. सणाला, पाहुण्यांना, महिन्यातून एखाद्या वेळी परड्यातल्या उघड्या चुलीवर भाकरी केली तर त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. रोजच्या भाकरीबद्दल मात्र आपल्या प्रसूतीपर्यंत तरी तुम्ही गॅसवर करू द्या, अशी विनंती यजमानांनी त्यांच्याजवळ करावी. नातवंडासाठी केलेली विनंती आजी सहसा मोडत नाही.

प्रश्न : आई जमिनीवर बसून स्वयंपाक करते, म्हणून शेगडी खालीच ठेवली आहे आणि शेजारी चूलही आहे. स्फोटाची भीती वाटते. ही भीती रास्त आहे का? (गडहिंग्लज)

उत्तर : या मांडणीत भीती रास्त आहे, आणि ही मांडणी आजच बदलावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जवळजवळ दुप्पट जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि सखल भागात साचतो. आपल्या घरात त्याच जमिनीवर चुलीत निखारे आहेत. गॅस आणि चूल एकाच खोलीत एकाच वेळी कधीही नसावीत. चूल ठेवायचीच असेल तर ती बाहेर, मध्ये भिंत येईल अशी ठेवावी.

शेगडी सिलिंडरच्या तोंडापेक्षा वर असावी, यासाठी उभ्याने स्वयंपाक करण्याजोगा ओटा हवा. दगडी फरशी आणि विटांचा साधा ओटा पुरतो. आईंना उभ्याने सवय नसेल तर पीठ मळणे, भाजी चिरणे खाली बसून करावे आणि भाजणे-शिजवणे तेवढे ओट्यावर. सिलिंडर उभाच असावा. नळी आयएसआय चिन्हाची, नारिंगी रंगाची सुरक्षा नळी असावी आणि ती पाच वर्षांनी बदलावी. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूस इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे त्या तिमाहीपर्यंत सिलिंडरची तपासणी वैध असते. मुदत उलटलेला सिलिंडर परत करावा. गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते. तो वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे बटण चालू किंवा बंद काहीही करू नये, काडी ओढू नये, आणि घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे सिलिंडरची गाडी वेळेवर येत नाही. धूर न होणारी चूल बसवावी का? (गगनबावडा)

उत्तर : पर्याय म्हणून बसवावी, गॅसच्या जागी नको. १९८३ च्या सुमारास सुरू झालेला सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ पर्यंत चालला आणि त्यातील असंख्य चुली नंतर पडून राहिल्या, कारण धुराडे साफ केले नाही तर ती चूल लवकरच साध्या चुलीसारखी होते. आपल्या भागातील पावसात जळण ओले राहणे हेच धुराचे मुख्य कारण आहे. जाळाची उष्णता आधी लाकडातले पाणी उडवण्यात जाते, ज्वाला थंड पडते आणि लाकूड पुरते न जळता धूर सोडते. पावसाळ्यापूर्वी ५ किलोचा एक जादा सिलिंडर भरून ठेवला तर अडचणीचे दिवस निघून जातात.

प्रश्न : धुरामुळे वासे आणि कौलांखालच्या रिपा टिकतात, वाळवी लागत नाही, असे वडील सांगतात. चूल बंद केली तर घर पोखरले जाईल का? (आजरा)

उत्तर : आपल्या वडिलांचे निरीक्षण खरे आहे. काजळीचा थर आणि सततची ऊब यांमुळे लाकूड कोरडे राहते आणि कीड कमी लागते. म्हणून चूल बंद करताना लाकडाची दुसरी सोय केली पाहिजे, आणि आजरा-चंदगडच्या लोकांना ती शोधायला लांब जावे लागणार नाही. काजूच्या टरफलापासून निघणारे तेल लाकडाला लावल्यास वाळवीपासून चांगले संरक्षण मिळते. ते कातडी भाजणारे असते, त्यामुळे हातमोजे घालून, डोळे सांभाळून, पावसाळ्यापूर्वी लाकूड कोरडे असताना लावावे. जाता जाता एक विनंती : काही घरांत टरफले चुलीत जाळतात, तो धूर डोळ्यांना आणि घशाला फार झोंबतो. तसे करू नये.

प्रश्न : चार म्हशी आहेत. गॅस घ्यावा की गोबरगॅस बांधावा? (शिरोळ)

उत्तर : जनावरे गोठ्यात बांधलेली असतील आणि पाणी असेल, तर गोबरगॅस अवश्य बांधावा. २ घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते. चार मोठ्या म्हशींचे शेण त्याला पुरेल. १ घनमीटर गोबरगॅसमध्ये सुमारे ०.४५ किलो एलपीजीइतकी उष्णता असते, म्हणजे पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होऊन थोडे पाणीही तापते. जमिनीखालचे, घुमटाकार विटांचे दीनबंधू संयंत्र १९८४ पासून वापरात आहे. त्याच्या बांधकामात गवंडी अनुभवी असणे सर्वांत महत्त्वाचे, कारण घुमटाला बारीक चीर राहिली तरी गॅस टिकत नाही. शेगडी गोबरगॅसचीच घ्यावी, सिलिंडरची शेगडी तशीच लावून चालत नाही. सुरुवातीचे काही दिवस निघणारा वायू पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तेवढ्यावरून निराश होऊ नये. गोठा धुतलेले फिनेलचे पाणी टाकीत जाऊ देऊ नये, त्याने आतले जिवाणू मरतात. बाहेर पडणारी मळी उसाला उत्तम खत आहे, आणि शेणी थापण्याचे कामही वाचते. जुना सिलिंडर मात्र परत करू नका, संयंत्राच्या दुरुस्तीच्या दिवसांत तोच लागतो.

प्रश्न : आईचे वय ६२. कधी विडी-तंबाखू नाही, पण बरीच वर्षे खोकला आहे आणि चढ चढताना दम लागतो. आता गॅस आणला आहे, खोकला बरा होईल का? (भुदरगड)

उत्तर : केवळ गॅस आणून थांबू नका, तपासणी करून घ्या. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर प्रथम सरकारी दवाखान्यात थुंकीची क्षयासाठी मोफत तपासणी करावी, कारण चुलीचा धूर हे कारण गृहीत धरून क्षय मागे राहून जाण्याची उदाहरणे होतात. तो नसेल तर फुफ्फुसाची क्षमता मोजणारी फुंकण्याची चाचणी छातीरोगतज्ज्ञांकडे करावी. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांनाही अनेक वर्षांच्या धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार होतो. झालेली हानी पूर्ण भरून येत नाही, पण धूर थांबला तर ती वाढण्याचा वेग कमी होतो आणि योग्य औषधाने दम बराच आटोक्यात राहतो. डॉक्टरांनी तोंडाने ओढायचा पंप दिला तर त्याची सवय लागते या भीतीने तो टाळू नये; त्यात औषधाची मात्रा गोळीपेक्षा कमी असते आणि ते थेट फुफ्फुसात पोहोचते.

प्रश्न : आमच्या शिवारात दर हंगामात बीडकडून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात. पाचटाच्या कोपीत तीन दगडांवर स्वयंपाक होतो, आत तान्ही मुले असतात. त्यांच्यासाठी काही करता येईल का? (हातकणंगले)

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार, एवढ्या पत्रांत तो एकानेच विचारला आहे. या बायका पहाटे अंधारात उठून स्वयंपाक करतात आणि मग फडावर जातात. बहुतेकींच्या गावच्या घरी गॅस असतो, पण सहा महिने तो तिकडे कुलपात पडून राहतो. उज्ज्वला योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरित कुटुंबांना शिधापत्रिका आणि पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्र देण्याची सोय केली आहे. ज्यांची जोडणी आधीच आहे, त्यांना खुल्या विक्रीचा ५ किलोचा सिलिंडर ओळखपत्रावर घेता येतो, त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही. त्यावर अनुदान मिळत नाही, हे आधीच स्पष्ट सांगावे.

मात्र पाचटाच्या कोपीच्या आत शेगडी कधीही पेटवू देऊ नये. कोपीपासून काही अंतरावर, वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा करून, जमिनीवरचे पाचट झाडून काढून, सपाट दगडांच्या उंचवट्यावर शेगडी मांडावी. जिथे गॅस जमत नाही तिथे निदान चूल कोपीबाहेर काढावी आणि स्वयंपाक होईपर्यंत मुलांना धुराच्या विरुद्ध दिशेला ठेवावे. सिलिंडरच्या पैशांचा भार उचलीच्या (मजुरांनी आगाऊ घेतलेल्या रकमेच्या) हिशेबात मुकादमाने मजुरांवर चढवू नये, याकडे कोणीतरी लक्ष ठेवणे आवश्यक आहे, आणि ते काम गावातील बचत गट करू शकतो. टोळ्या दिवाळीच्या सुमारास येऊ लागतात, म्हणून दसऱ्यापूर्वीच कारखान्याच्या गट कार्यालयात जाऊन शेती अधिकाऱ्यांकडून टोळ्यांची ठिकाणे विचारून घ्यावीत आणि जवळच्या वितरकाला त्याच वेळी सोबत न्यावे.